‘घरी विचारून सांगतो’

तीर्थस्वरूप काकूंस,

साष्टांग नमस्कार.

काकांच्या तेराव्याच्या दिवशी माणसं निघून गेल्यावर तुम्ही मागच्या खोलीत बसला होतात. मी पाया पडायला आलो तेव्हा म्हणालात, “तुम्ही सगळी पोरं यांच्याबद्दल इतकं बोललात. मला मेलीला कारखान्यातलं काही कळत नाही, मी आपली घरात.” तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आज महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि चारचौघांसमोर लिहितोय, कारण पुण्याजवळच्या या कारखान्यांच्या भोसरीत निदान वीस-पंचवीस घरं अशी आहेत की ज्यांनी तुमचे आभार मानायला हवे होते आणि सगळ्यांनी ते काकांचेच मानले.

मी 1996 साली औंधच्या आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायचा, कोर्स करून काकांच्या शेडमध्ये लागलो. वय एकोणीस. लांडेवाडीत एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. भोसरीतल्या अशा शेडवरच तर टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाजच्या गाड्या धावायच्या. मोठ्या कंपनीचं काम पहिल्या वेंडरकडे, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि तिथून आमच्यासारख्या तीन लेथ नि एका ड्रिलिंग मशीनच्या शेडमध्ये. काका शनिवार पेठेतून स्कूटरवर यायचे. खडकी, दापोडीचा हॅरिस पूल, नाशिक फाटा, आणि आठच्या ठोक्याला शटर वर. हँडलला डबा लटकलेला.

त्या डब्याचं आधी सांगतो. पहिल्या आठवड्यात मी दुपारी वडापाव खाताना काकांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. सोमवारी डब्याला एक खण जास्त होता. चार पोळ्यांच्या सात झाल्या होत्या, नि वरच्या खणात वेगळी उसळ. “घरून आलंय, परत नेलं तर मला बोलणी बसतील,” एवढंच म्हणाले. ते पुढे तीन वर्षं चाललं, काकू. माझं लग्न होईपर्यंत. तुम्ही मला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता त्या बुशांची, म्हणजे धातूच्या पोकळ गोल नळकांड्यांची, गोष्ट. काकांनी तुम्हाला सांगितली होती हे मला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कुणी कधी सांगितली नाही. रात्रपाळीला मी एकटा होतो, 180 बुशांचा लॉट. दर पाच नगांनंतर व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायचं हत्यार, लावून बघत होतो, माप बरोबर येत होतं. सकाळी काकांनी एक नग उचलला, मायक्रोमीटर लावला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग माझ्या हातातला व्हर्नियर घेतला, त्याचे जबडे मिटले आणि उजेडाकडे धरला. जबडे पूर्ण मिटलेले, तरी शून्याची रेघ शून्यावर नव्हती. दोन घरं पुढे. म्हणजे व्हर्नियर 0.04 मिलिमीटर जास्त दाखवत होता. वहीच्या पानाच्या जाडीहूनही कमी. पण तेवढ्याने सगळा लॉट बाहेरून कमी उतरला होता. जॉब मापापेक्षा जास्त राहिला तर पुन्हा लेथच्या चकमध्ये लावून कातता येतो, कमी झाला की भंगार. हे टर्नरला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि माप घेण्याआधी शून्य बघायचं हेही पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी म्हणालो, पगारातून कापा. मटेरियलचे पैसे माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढे होत होते. काका डोकं खाजवत म्हणाले, “घरी विचारून सांगतो.”

हे वाक्य सगळी भोसरी ओळखायची. मशीन घ्यायचं असो, माणूस ठेवायचा असो, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, उधारी वाढवून द्यायची असो, काका पार्टीच्या तोंडावर म्हणायचे, “घरी विचारून सांगतो.” काही जण मागे हसायचे. काकांना त्याचं कधीच काही वाटलं नाही. ते टाळायला तसं म्हणत नसत, खरंच विचारत असत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत.

बुशांचंही उत्तर आलं. काका म्हणाले, “घरी पहिला प्रश्न आला, व्हर्नियर कुणाचा? म्हटलं, आपलाच, गेल्या महिन्यात माझ्याच हातून पडला होता. मग त्या पोराचा पगार कशाला कापताय, नवीन व्हर्नियर आणा.” त्याच संध्याकाळी नवा आला, आणि काकांनी मला शेजारी बसवून शून्य कसा तपासायचा, जबडे आधी कापडाने का पुसायचे, मिटून उजेडाकडे धरल्यावर फट कशी दिसते, हे सगळं पुन्हा दाखवलं. मी त्या रात्री गावी पळून जायच्या तयारीत होतो. पिशवी भरलेली होती. तुमच्या एका प्रश्नाने मी टर्नर राहिलो.

कारखान्यातलं कळत नाही म्हणता!

काका घरातले होते ते किती, हे आम्ही शेडमधून बघायचो. भोसरीची सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी वीज बंद. आणि ताई नि धाकट्याच्या शाळेला सुट्टी रविवारी. इतर मालक मुलांना गणपतीतच काय ते उजेडी बघायचे. काका रविवारी बरोबर चार वाजता हात धुवायला जायचे. डिस्पॅचची गाडी दारात उभी असली तरी. आधी रॉकेल, मग साबण, मग नखांत ब्रश. “पेशवे पार्कात फुलराणीत बसायचंय,” असं पन्नाशीच्या फोरमनला सांगून निघायचे. उरलेलं काम सोमवारी सात वाजता येऊन स्वतः करायचे. त्यावरून कुणावर आवाज चढवला नाही.

2003 मध्ये तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे शेडच्या चाव्या माझ्याकडे होत्या. काका दुपारी तासभर यायचे, सह्या करायचे, निघायचे. एकदा डबा उघडला तर आत वरणभात, वरण फोडणीशिवायचं. स्वतः केलं होतं. म्हणाले, “आज मीठ बरोबर पडलंय, बघ.” हाताला कूलंटचा वास नव्हता, हळदीचे डाग होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी मोठ्या ऑर्डरच्या दिवशीही पाहिला नाही.

माझी स्वतःची शेड 2005 ची. जुना लेथ मिळत होता, चाळीस हजार कमी पडत होते. काकांकडे मागायला मला लाज वाटत होती, कारण त्यांचंच काम सोडून चाललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेच वाक्य म्हणाले. दोन दिवसांनी पैसे आले ते पोस्टाच्या पाकिटात. तुमचं रिकरिंग मॅच्युअर झालं होतं. मी दोन वर्षांत फेडले, व्याज तुम्ही घेतलं नाहीत. बायकोने गावाकडचा तांदूळ आणला तो मात्र घेतलात, आणि तिला आत नेऊन तासभर बोलत बसलात. ती अजून सांगते, कारखानदाराच्या घरात उधारीची वही बाईने का बघावी, हे तुम्ही तिला त्या दिवशी शिकवलंत. आज आमच्या शेडचा हिशेब तिच्या हातात आहे.

2009 च्या मंदीत एका पार्टीने माझे सात महिन्यांचे पैसे अडकवले. बँकेचा हप्ता चुकायला लागला. काका मला रात्री घरी घेऊन आले. 2006 चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा त्यांनी वाचून ठेवला होता. करारात मुदत काहीही लिहिलेली असो, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जिल्हा उद्योग केंद्रात माझी नोंद त्यांनीच मागे लागून करवून घेतली होती, ती तेव्हा कामाला आली. तुमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पत्राचा कच्चा मसुदा केला. तुम्ही चहा ठेवताना वाचलात आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलंत. “आपलेच पैसे मागताना ‘कृपया उपकार करावेत’ कशाला? ‘कळवतो’ लिहा.” काकांनी तिथल्या तिथे खोडलं. पैसे तीन हप्त्यांत आले, व्याज मी सोडून दिलं.

आणि 2020. मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा काकांकडे बिहारची सहा पोरं अडकली होती. दोन महिने पगार पूर्ण दिला, ठेव मोडून. ‘घरी विचारून’ मोडली हे सांगायला नकोच. पुढे त्यांतला एक परत आला तो तुमच्यासाठी गावाकडचा सत्तू घेऊन. काका ती पिशवी शेडभर दाखवत फिरले होते.

काकू, काका मोठा माणूस होते यात शंकाच नाही. धंद्यात इतकी वर्षं काढून कुणाचा पैसा बुडवला नाही, हे भोसरीत कुणीही सांगेल. पण त्यांचा ‘हो’ आमच्यापर्यंत एक रात्र उशिरा यायचा, आणि त्या एका रात्रीत तो तुमच्याकडे जाऊन आलेला असायचा. मला त्यांच्याकडून जे जे मिळालं ते सगळं शनिवार पेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरातून आलं. हे मी तुम्हाला त्यांच्या देखत सांगायला हवं होतं. काकांना फार बरं वाटलं असतं.

धाकट्याने परवा मला तो व्हर्नियर दिला, 1997 चा, लाकडी पेटीतला. घरी नेऊन जबडे पुसले, मिटले, उजेडाकडे धरला. शून्य अजून शून्यावर आहे. येत्या खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये तो पाटावर मांडणार आहोत. काका असते तर नारळ त्यांनी फोडला असता. या वर्षी तुम्ही यायचं. सकाळी साडेनऊला गाडी घेऊन येतो. कशाला, वगैरे म्हणू नका. ताईशी बोलून ठेवलंय.

येत्या गुरुवारी तसाही येतोय. तुमच्या मिक्सरचं भांडं अडकतं म्हणालात, त्याचं बुश झिजलं असणार. मापाला जुनं काढून ठेवा, नवीन मीच लेथवर करून आणतो.

आपला,
भोसरीचा मुलगा