क्रमवारी शेवटी बघा, आधी वारा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी शिडाच्या बोटींच्या शर्यतीबद्दल विचारलं, "इंटरनेटवरच्या नकाशावर पहिला दिसणारा दुसऱ्या दिवशी चौथा कसा होतो? तो तर थांबलाही नव्हता." आणि त्यांच्या हातातून फोन घेऊन आईने विचारलं, "ऑक्टोबरात शिडाच्या होडीत बसणार म्हणतात, अडुसष्टाव्या वर्षी झेपेल का ते?" फोनवर दोन्हींचं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वारा कुठून येतोय आणि पाणी कुठे ओढतंय, एवढं कळायला लागलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

आधी शर्यत. बाबा, नकाशाशेजारची क्रमवारी एकाच हिशेबावर चालते: ठरवलेल्या मार्गाने शेवटापर्यंत किती मैल उरले. शिडाची बोट मात्र सरळ रेषेत जात नाही, वारा असेल तिकडून जाते. दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटाच्या बाजूला उच्च दाबाचा एक मोठा पट्टा असतो. त्याच्या पोटात वारा जवळजवळ नसतो. विषुववृत्त ओलांडून केप ऑफ गुड होपकडे सरळ निघालेला खलाशी दोन दिवस पहिला दिसतो, मग त्या पोटात अडकून शीड फडफडवत बसतो. ब्राझीलच्या किनाऱ्याकडून खाली उतरणारा तेव्हा मागे पडल्यासारखा वाटतो, पण पस्तीस-चाळीस अंश दक्षिणेला त्याला पश्चिमेचा वारा मिळाला की तो सगळ्यांना गाठतो. तुमचा 'चौथा झालेला' बहुधा असाच अडकलेला होता.

म्हणून रोज सकाळी चहाबरोबर नकाशा उघडाल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी वाऱ्याचा थर चालू करा आणि बोटींच्या पुढे काय येतंय ते बघा. मग प्रत्येक बोटीने मागच्या चोवीस तासांत किती मैल कापले ते बघा. एका क्षणाचा वेग बघून काही कळत नाही, लाटेवरून घसरतानाचा आकडा फसवतो. क्रमवारी सगळ्यात शेवटी. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

कोणती शर्यत बघताय त्यावर आकडे फार बदलतात. वांदे ग्लोब म्हणजे एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. तिच्यातल्या साठ फुटी बोटींना खाली पंखासारखे फॉइल असतात आणि वेगात त्या पाण्यावर उचलल्या जातात. २०२४च्या शर्यतीत सेबास्तियां सिमो याने एकट्याने चोवीस तासांत ६१५ सागरी मैल कापले. ती शर्यत शार्ली दालॅंने ६४ दिवस १९ तासांत जिंकली. त्याआधीचा विक्रम ७४ दिवसांचा होता, म्हणजे एका फटक्यात नऊ दिवस कमी. हिंदी महासागरात एक मोठं वादळ मागून येत होतं. इतर बरेच जण उत्तरेला सरकून त्याच्या वाटेतून बाजूला झाले. दालॅं आणि सिमो दक्षिणेलाच राहून त्याच्या पुढे पळत राहिले. अंतराचा खरा निकाल तिथे लागायला लागला, आणि वाऱ्याचा थर बंद ठेवून बघणाऱ्याला तो दिसलाच नसता.

शेवटची रेषा पहिली ओलांडणाराच जिंकतो असंही नाही. २०२०च्या वांदे ग्लोबमध्ये रेषा आधी दालॅंने ओलांडली होती, पण विजेता ठरला यानिक बेस्तावेन. केव्हिन एस्कोफिएची बोट भर समुद्रात मोडली तेव्हा बेस्तावेन त्याला शोधायला वळला होता. त्याबद्दल त्याला १० तास १५ मिनिटं परत मिळाली. हा नियम मला या खेळातला सगळ्यात चांगला नियम वाटतो.

आता गोल्डन ग्लोब, म्हणजे जुन्या पद्धतीने एकट्याने करायची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत, जी तुम्हाला जास्त जवळची वाटेल. पुढची फेरी सप्टेंबर २०२६ची, फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोनहून. बोटी बत्तीस ते छत्तीस फुटांच्या, तळाला लांब कणा असलेल्या, १९८८च्या आधीच्या आराखड्याच्या. जीपीएस नाही. सेक्सटंट (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं यंत्र), कागदी नकाशे आणि घड्याळ यांवर जागा काढायची. यांचा दिवस १२० ते १५० मैलांचा, म्हणून ही शर्यत सात-आठ महिने पुरते आणि रोज थोडी थोडी बघायला बरी. हिची मुळं १९६८च्या शर्यतीत आहेत. तेव्हा नऊ जण निघाले आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पूर्ण करून आले, ३१२ दिवसांनी. त्यांची बत्तीस फुटी 'सुहेली' सागाची होती आणि आपल्या मुंबईत बांधलेली होती.

आई, तुला वादळाची भीती वाटते, म्हणून वादळ कसं वाचायचं तेही सांगते. दक्षिण गोलार्धात कमी दाबाचं वादळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. त्याच्या उत्तर अंगाला राहिलं की वारा पश्चिमेचा मिळतो आणि बोट पूर्वेला पळते. धोका असतो वारा फिरतो त्या वेळेला. आधी वायव्येचा वारा तासन्‌तास लाटा उभ्या करतो, मग थंड हवेची आघाडी येते आणि अर्ध्या तासात वारा नैऋत्येचा होतो. जुन्या लाटा एका बाजूने, नव्या दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकमेकींवर चढल्या की उभी भिंत होऊन फुटते आणि छोट्या बोटीला आडवी पाडते. २०१८च्या गोल्डन ग्लोबमध्ये, २१ सप्टेंबरला, भारतीय खलाशी अभिलाष टॉमींची बोट 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. आणि हेच टॉमी २०२२ची शर्यत कर्स्टन नॉयशेफरच्या मागोमाग, दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण करून आले. मुख्य गटात, म्हणजे कुठेही न थांबता जाणाऱ्यांत, निघालेल्यांपैकी तिघंच शेवटपर्यंत पोचले होते.

या बोटींत सगळ्यात जास्त काय मोडतं? वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू. मागे एक उभी फळी वाऱ्यात असते. बोट मार्गावरून वळली की वारा फळीला तिरपं करतो, फळी पाण्यातल्या पात्याला पीळ देते, पाण्याच्या जोराने पातं बाजूला झुलतं आणि दोऱ्यांनी सुकाणूचा दांडा ओढतं. वीज लागत नाही, माणूस झोपू शकतो. पण पात्यावर लाखो वेळा तोच ताण येतो, जोड थकतात, तरंगतं लाकूड आपटलं तर पातं जातं. २०२२मध्ये सायमन कर्विन पुढे होता. त्याचं हेच यंत्र मोडलं, दुरुस्तीला चिलीत थांबावं लागलं आणि तो मुख्य गटातून बाहेर गेला. त्यामुळे कुणाची बोट एकाएकी किनाऱ्याकडे वळलेली दिसली तर आधी हीच शंका घ्या.

आपल्याकडचा धागाही धरून ठेवा. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवर निघाले आणि मे २०१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. 'म्हादेई' आणि नंतरची 'तारिणी' दोन्ही गोव्यात बांधल्या गेल्या. 'तारिणी'वर २०१७-१८ला नौदलाच्या सहा जणी जाऊन आल्या, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना आणि रूपा या दोघीच.

आता ऑक्टोबर. बाबा, एकट्याच्या छोट्या होडीपासून सुरू करू नका. इल्का ही होडी सव्वाचार मीटरची. तिच्यात बूमखालून (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याखालून) वाकून बाजू बदलावी लागते आणि ती उलटणारच, तो शिकण्याचाच भाग असतो. तुमच्या गुडघ्यांना ते नको. जिच्या कण्याला शिशाचं किंवा लोखंडाचं वजन आहे अशी किलबोट मागा. ती झुकते, पण वजन तिला परत उभी करते. मुंबई बंदरात तीन-चार माणसं आणि एक शिकवणारा अशा बोटी मिळतात. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम, त्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. सकाळी मतलई वारा, दहा-अकराला तो पडतो, मग दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो, दहा-बारा नॉटचा. शिकण्याच्या फेऱ्या दुपारच्याच घ्या.

पण कोणती दुपार, हे आई तू ठरव, भिंतीवरचं कॅलेंडर बघून. कोळी मंडळींचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. गेटवेसमोर भरतीचं पाणी उत्तरेला, बंदराच्या आत जातं आणि ओहोटीचं दक्षिणेला, उघड्या समुद्राकडे. आता जुळवून बघ. पौर्णिमेला बाराला भरती पूर्ण, म्हणजे सगळी दुपार ओहोटीची. वारा वायव्येचा, ओढ दक्षिणेची, दोन्ही बाहेर नेणार. परत येताना वाऱ्याच्या आणि पाण्याच्या दोन्हींच्या विरुद्ध यायचं. बोट तीन नॉट चालत असेल आणि ओढ दोनची असेल तर हातात एक नॉट उरतो, आणि संध्याकाळी वारा पडला तर तोही नाही. अष्टमीला उलट. दुपारभर भरती चढत असते, वारा पडला तरी पाणीच आत आणतं, शिवाय भांगाचं पाणी (भरती-ओहोटीत कमी फरक) असल्याने ओढही कमी. तेव्हा अष्टमीच्या एक-दोन दिवस इकडेतिकडे पहिले धडे घ्यायचे. सगळ्यात जोराची ओढ पौर्णिमेच्या दिवशी नसते, एक-दोन दिवसांनी असते. ते दिवस सुरुवातीला टाळाच.

बोटीवर पहिली गोष्ट वारा गालावर ओळखणं. वाऱ्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत बोट जातच नाही, म्हणून नागमोडी जायचं. शिडाची दोरी किती ओढायची? नवशिके घट्ट ओढून ठेवतात. बोट झुकते, जोरात चाललीय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती मंदावलेली असते. दोरी हळूहळू सोडा. शिडाची पुढची कड डोलकाठीजवळ थरथरायला लागेल. आता थरथर थांबेल एवढीच ओढा, बोटभरही जास्त नाही. दर दोन-तीन मिनिटांनी हेच पुन्हा. घाबरल्यासारखं झालं तर दोरी सोडून द्या, शीड फडफडेल आणि बोट आपोआप मंदावेल. मोटारीसारखा पायाखाली ब्रेक नाही, तो ब्रेक हातातल्या दोरीत आहे, म्हणून ती मनगटाला गुंडाळायची नाही. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. पहिला अर्धा तास सगळ्यांचा गोंधळ होतो.

खरा मार बूमचा. वारा मागून असताना बोट वळली तर बूम एका झटक्यात या टोकाहून त्या टोकाला येतो आणि डोक्याच्या उंचीवरून जातो. शिकवणारा "जाइब" म्हणाला की आधी डोकं खाली, मग बाकी सगळं. मागून वारा असताना उभं राहून फोटो काढायचे नाहीत. गेटवेजवळ वारा ताजच्या आणि कुलाब्याच्या इमारतींवरून येतो, त्यामुळे तुटक असतो. पाण्यावर काळसर सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की तो झोत आहे, दोरी सोडायला तयार राहा. मध्ये बंदरात गेलं की वारा सारखा होतो.

लाइफ जॅकेट फोमचं मिळेल. बाबांनी घालून पट्टे आवळले की आई, तू त्याचे दोन्ही खांदे धरून वर ओढून बघ; तू नसशील तिथे बाबा, दुसऱ्या कुणाला तरी ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. लांब बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, पुढून बंद बूट, चष्म्याला मागे दोरी, माणशी दीड लिटर पाणी. जीन्स नको, भिजली की जड होते. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेलाच. फोन पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आधीच साठवून ठेवा. आई, तुलाही यायचं असेल तर मागच्या बाजूला बस, नजर क्षितिजावर ठेव आणि आत खाली जाऊ नकोस. मळमळ बहुतेकांना तिथेच होते.

तोवर पाऊस आहे, घरी गाठ पक्की करा. आठ मिलिमीटरची दोन मीटर नायलॉनची दोरी आणा, टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत. बोलाइन नावाची ही गाठ अशी: लांब दोरीवर एक छोटा फास टाका, मोकळं टोक वरच्या अंगाला. ते टोक फासातून खालून वर काढा, लांब दोरीच्या मागून फिरवा, परत त्याच फासातून खाली घाला आणि ओढा. फास उलटा टाकला गेला तर गाठ दिसते बरोबर, पण ओढताच सुटते. बहुतेक चूक इथेच होते. शेपूट किमान चार बोटं उरलं पाहिजे. खुर्चीच्या पायाला बांधून दोघांनी ओढून बघा, मग डोळे मिटून, मग हात पाठीमागे घेऊन. मी दसऱ्याला येईन तेव्हा दोरी ओली करून बांधून दाखवायची आहे.

तुमची,
मुक्ता