यकृताच्या रुग्णाला वेदनाशामक देताना

महोदय,

यकृताचा सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक व निकामी होत जाण्याचा आजार) झालेले माझे वडील गुडघेदुखीसाठी तासगावातील एका दुकानातून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेत होते; चौथ्या दिवशी लघवी जेमतेम पेलाभर झाली आणि त्यांना मिरजेला हलवावे लागले. सिरोसिसमध्ये पोटातील रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडू लागते आणि तो प्रवाह टिकवून धरणारी शरीरातील द्रव्ये नेमकी या गोळ्यांमुळे रोखली जातात, हे आम्हाला फार उशिरा कळले. दोन दिवसांपूर्वी ०.८ असलेले रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की वाढणारे टाकाऊ द्रव्य; मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये) १.२ झाले होते. अहवालात ते ‘नॉर्मल’ म्हणूनच छापलेले, म्हणून आम्ही निर्धास्त! परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि अशा रुग्णांचे स्नायू झिजलेले असतात (वडिलांच्या मनगटातून घड्याळ निसटते), त्यामुळे त्यांचा आकडा मुळातच कमी असतो आणि ४८ तासांत ०.३ ची वाढही गंभीर मानली जाते. या आजारात पोटात साठणारे पाणी एका वेळी ५ लिटरहून अधिक काढल्यावर अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) शिरेतून देतात, तेही मुख्यतः मूत्रपिंडे जपण्यासाठीच. जुलाब, ताप किंवा लघवी घटणे यांपैकी काहीही दिसल्यास ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये. औषध विक्रेत्यांनीही वेदनाशामक देण्यापूर्वी ‘यकृताचा काही आजार आहे का?’ एवढे विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)