छऱ्याच्या बंदुकीचा मारा आणि खर्चाचा क्रम

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या युवा पुरवणीत छऱ्याच्या स्वस्त बंदुकीचा, म्हणजे एअरसॉफ्ट या लुटुपुटीच्या लढाईच्या खेळातल्या गनचा, मारा (सेकंदाला सुटणारे छरे) कमी पैशांत अधिक जलद कसा करावा याविषयी जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात जास्त व्होल्टची बॅटरी आणि जास्त ताठ स्प्रिंग असे दोनच उपाय सुचवलेले आहेत. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लहान मोटरी दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. नेमके हेच दोन उपाय करून बसलेली कॉलेजची मुले दाते झडलेला पिस्टन घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलांच्या हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या शहरात बंदुकीचे आकर्षण असणारच. माझा आक्षेप खर्चाच्या क्रमाला आहे. पैसे मोजके असतील तर ते आधी वायर, जोडण्या आणि वंगण यांवर खर्च व्हावेत, बॅटरीचा विचार त्यानंतर व्हावा आणि मारा वाढवण्यासाठी म्हणून ताठ स्प्रिंग तर मुळीच घेऊ नये.

हे सारे बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकीपुरते आहे. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, दर वेळी हाताने खटका ओढून भरावी लागणारी बंदूक एका ओढीला एकच छरा सोडते आणि तिचा मारा हाताच्या चपळाईइतकाच राहतो. तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बॅटरीच्या बंदुकीत मोटर तीन गिअर फिरवते. त्यांतल्या शेवटच्या गिअरला परिघाच्या काही भागावरच दाते असतात. हे दाते पिस्टनला स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढत नेतात, दाते संपले की पिस्टन सुटून पुढे झेपावतो आणि सिलिंडरमधली दाबली गेलेली हवा ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा छरा नळीतून बाहेर फेकते. शेवटच्या गिअरचा एक फेरा म्हणजे एक छरा. गिअरचे प्रमाण साधारणपणे १८ ला १ असते, त्यामुळे भार पडलेला असताना मोटर मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला १,००० म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा छरे सुटतात. भाराखाली मोटर किती फिरते, एवढ्यावरच मारा अवलंबून आहे, हे या हिशेबावरून दिसते. ताठ स्प्रिंग घातली की भार वाढतो, मोटर मंदावते आणि मारा उलट कमी होतो. वाढतो तो सुटलेल्या छऱ्याचा वेग, आणि पुरवणीतल्या मजकुरात नेमकी याचीच गल्लत झालेली आहे.

आता मोटर भाराखाली का मंदावते ते पाहू. स्वस्त बंदुकीत कारखान्याने घातलेली वायर बारीक असते, बॅटरीची पांढरी चिमुकली जोडणी सैल असते आणि ट्रिगरचे तांब्याचे संपर्क ठिणग्यांनी काळवंडलेले असतात. या तिन्हींचा मिळून रोध ०.१ ओहम आहे असे धरले आणि मोटर १५ अँपिअर ओढत असली, तर १.५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ७.४ व्होल्टच्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा झाला. अशा स्थितीत मोठी बॅटरी आणणे म्हणजे गंजलेला पाइप तसाच ठेवून गच्चीवर दुसरी टाकी चढवणे होय. मल्टिमीटर असेल तर मारा चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग मोटरच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. दोन आकड्यांतला फरक हा आपला तोटा आणि तो भरून काढायला काही शे रुपये पुरतात. सिलिकॉनच्या आवरणाची १६ गेजची वायर जवळच्या वाटेने न्यावी, पांढरी जोडणी काढून टी आकाराची जोडणी लावावी आणि ट्रिगरचे संपर्क बारीक पॉलिश पेपरने उजळवावेत. सोल्डर मात्र नीट हवे. चांगला सांधा चकचकीत दिसतो आणि वायरच्या तारांमध्ये उतरलेला असतो. मळकट, दाणेदार गोळा दिसला तर तो सांधा थंड राहिलेला आहे, तो पुन्हा तापवून करावा. मुले वायर आणि जोडणी महाग आणतात आणि सोल्डरवर घाई करतात, हे मी नेहमी पाहतो.

चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या अगदी स्वस्त बंदुकीत तर वायरलाही हात लावायची गरज नसते. साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असतात, पण जास्त प्रवाह ओढला की ते दमतात. निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असला तरी त्याचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे भाराखाली तोच सरस ठरतो. सेल बदलताच फरक कानाला कळतो. या बंदुकांचे गिअर बहुधा प्लास्टिकचे असतात, म्हणून त्यांच्यात याहून पुढे जाऊ नये.

विजेनंतर घर्षणाकडे वळावे. गिअरपेटी उघडली की कारखान्याचे ग्रीस बऱ्याचदा एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले आणि दाते कोरडे दिसतात. ते पुसून दात्यांना पातळ थर लिथियम ग्रीसचा आणि पिस्टनच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा द्यावा. गिअर आसावर वरखाली हलत असतील तर पातळ वॉशर घालून ती ढिलाई काढावी, पण बोटाने फिरवल्यावर गिअर अडता कामा नये. मुठीच्या तळाशी जो स्क्रू असतो तो मोटरची उंची ठरवतो. तो जास्त आवळला तर आवाज चिरका होतो आणि सैल राहिला तर घरघर ऐकू येते. थोडा थोडा फिरवत, दर वेळी दोन-चार छरे सोडून आवाज ऐकावा. कामाला पैसा लागत नाही, सवड लागते, आणि बहुतेक मुले नेमकी तीच द्यायला तयार नसतात.

इतके करूनही हौस उरली तर बॅटरीकडे जावे, पण पिस्टनची मर्यादा ओळखून. सेकंदाला २५ छरे म्हणजे एका आवर्तनाला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात पिस्टन पूर्ण पुढे जाऊन थांबला नाही, तर गिअरचा पुढचा दाता त्याला अर्ध्या वाटेत गाठतो आणि पिस्टनचे दाते सोलून काढतो. ७.४ वरून थेट ११.१ व्होल्टवर उडी मारणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडते. ताठ स्प्रिंगच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिच्यामुळे पिस्टन लवकर परततो. परंतु त्याहून शहाणपणाचा मार्ग शेवटच्या गिअरचे, पिस्टन सोडून देणाऱ्या बाजूचे, दोन-तीन दाते कापण्याचा आहे. पिस्टन कमी मागे ओढला जातो, म्हणून वेळेत परत येतो आणि छऱ्याची ऊर्जाही घटते. मारा वाढतो, जोर कमी होतो. हा उपाय धातूच्या गिअरवरच करावा. ११.१ व्होल्टच्या प्रवाहाने ट्रिगरचे संपर्क जळू नयेत म्हणून मध्ये मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवावा, म्हणजे ट्रिगरमधून केवळ इशारा जातो आणि मोठा प्रवाह मॉस्फेट सांभाळतो.

या ७.४ आणि ११.१ व्होल्टच्या लिथियम पॉलिमर बॅटरीविषयी पुरवणीत एक ओळही नाही, हे मला सर्वांत खटकले. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होता कामा नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरता कामा नये. तिला सेलनिहाय समतोल राखणारा चार्जरच लागतो, मोबाइलचा जुना चार्जर वायरी जोडून चालत नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर ती कधीही ठेवू नये.

जोर न वाढवण्याचा आग्रह मी केवळ पिस्टनसाठी धरत नाही. या खेळाचे माहेर असलेल्या जपानने २००६ साली कायदा बदलून ६ मिलिमीटरच्या छऱ्यासाठी सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. ०.२० ग्रॅमचा छरा सेकंदाला सुमारे ९९ मीटर वेगाने सुटला की तेवढी ऊर्जा होते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटक किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने प्रक्षेप्य सोडणारे शस्त्र अशी व्यापक आहे आणि त्याच अधिनियमाचे कलम ६ नकली अग्निशस्त्राचे परवान्याशिवाय खऱ्यात रूपांतर करण्यास मनाई करते. ताठ स्प्रिंगचा सल्ला छापताना निदान एवढे सांगायला हवे होते. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात बंदोबस्त वाढत जाणार आहे, तेव्हा हुबेहूब दिसणारी बंदूक उघडी घेऊन गंगापूर रोडने दुचाकीवर फिरणे कसे दिसेल, हेही मुलांनी ध्यानात घ्यावे. ती बंद पिशवीतून न्यावी आणि खेळाच्या जागीच बाहेर काढावी.

डोळ्यांचा उल्लेखही पुरवणीने केलेला नाही. पापणी मिटायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला वीस छऱ्यांच्या माऱ्यात ती मिटेपर्यंत दोन छरे येऊन पोहोचतात. डोळ्यांच्या संरक्षणासाठीच्या युरोपच्या जुन्या ईएन १६६ मानकात एफ दर्जाची काच ६ मिलिमीटरच्या पोलादी गोळीने सेकंदाला ४५ मीटर वेगावर तपासत, आणि त्या आघाताची ऊर्जा वर सांगितलेल्या ०.९८ ज्यूलहून थोडी कमीच भरते. म्हणून १२० मीटर वेगावर तपासलेला बी दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल घ्यावा. वर सांगितलेल्या वायरीच्या खर्चाआधी त्याचा खर्च धरावा, आणि बजेटमध्ये दोन्ही बसत नसतील तर वायर पुढच्या महिन्यावर टाकावी.

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आहेत आणि पुरवणी वाचून अनेक घरांत स्क्रूड्रायव्हर बाहेर निघतील. तेव्हा पुढच्या अंकात निदान ११.१ व्होल्टची बॅटरी आणि ताठ स्प्रिंग यांविषयीचा मजकूर दुरुस्त करून छापावा आणि त्याच चौकटीत चार्जर व गॉगल यांचा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
मोटर दुरुस्ती करणारा एक वाचक,
सातपूर, नाशिक