परतवाड्याच्या सायकलवाल्या काकाजींना मनापासून

नमस्कार काकाजी,

तुमी मोबाईलवर काही वाचत नाही हे माहीत आहे मला, तुमचा मुलगा वाचून दाखवन म्हणून लिहून राहिली. आणि सगळ्यांसमोर यासाठी लिहून राहिली की आपल्याकडं मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत आता गंज पोरं-पोरी गिअरची सायकल घ्यायचं म्हणतात, पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून तर जास्तच, आणि प्रत्येकाला दुकानात तुमच्यासारखा माणूस भेटनच असं नाही.

तुमाला माझं काम माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मी ग्रामीण डाक सेवक आहे. थैली आणायची, मग गावोगाव स्पीड पोस्ट, बँकेची पाकिटं, आणि म्हाताऱ्या माणसांचा अंगठा घेऊन निराधारचे पैसे त्यांच्या दारात द्यायचे. अर्धा रस्ता डांबरी, तोही खड्ड्यांचा, आणि बाकी पांदण, बैलगाडीच्या चाकोऱ्या, कालव्याची पाळ, नाल्यातले गोटे. आमच्या पदाचा पगार ₹10,000 पासून सुरू होते, वर महागाई भत्ता, त्यात रोज गाडी फिरवणं जमत नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याला जाणाऱ्या मोथ्याच्या घाटात सायकल चढवायची हौस होती मला लहानपणापासून. म्हणजे डाकेला पण तीच आणि डोंगराला पण तीच, आणि हातात साडेतेरा हजार.

भावानं मोबाईलमध्ये एक डबल शॉकअपची पसंत केली होती, जाड टायर, लाल रंग, दिसायला एकदम जबरदस्त, आणि तशीच एक तुमच्या दुकानात उभी होती. तुमी ती सरळ विकू शकत होते. त्याऐवजी तुमी मला तिच्यावर बसवलं, हँडल धरलं आणि म्हणाले, "मार पायडल आता, अन् खाली पाह्य." प्रत्येक पायडलला सीटखालची स्प्रिंग दबून राहिली होती. "तुही अर्धी ताकद इथंच जिरते पोरी. महागड्या सायकलीत हे थांबवायची सोय असते, या भावात नसते. अन् हिले कॅरियर बसवशीन कुठं? मागचं चाक वेगळं हालते, सीट वेगळी हालते. डाकेची थैली काय डोक्यावर नेशीन?" मग उचलायला लावली. नाला लागला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते हे तुमी मला न विचारताच ओळखलं होतं.

त्यानंतर तुमी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि आता माझ्याकडून दुसरेही लिहून नेतात. पैसा कमी असला तर शॉकअपवर घालू नका, चाकावर, ब्रेकवर आणि मापावर घाला. मागचा शॉकअप नकोच, पुढचा असला तर लॉक होणारा पायजे म्हणजे डांबरीवर बंद करता येते, आणि साधा दांड्याचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असला तरी काही बिघडत नाही, हलका राहते आणि कधी खराब होत नाही. गिअर पुढं तीन मागं सात भरपूर झाले, एकवीसचे चोवीस करायला दोन हजार जास्त मोजू नका. ॲलॉयची फ्रेम बजेटमध्ये बसली तर चांगलंच, नाही बसली तर लोखंडी चालते, गावातला वेल्डिंगवाला तिला टाका तरी मारू शकते.

टायरच्या नंबरची गोष्ट तर मला आजपर्यंत कोणीच सांगितली नव्हती. 26 लिहिलेलं प्रत्येक टायर एकसारखं नसते! आईच्या जुन्या लेडीज सायकलवर 26 × 1 3/8 असते आणि गिअरच्या सायकलवर 26 × 1.95, दोन्ही 26च, पण एकाचं टायर दुसऱ्याच्या रिंगवर बसत नाही. बाजूला बारीक अक्षरात अजून एक नंबर असते तो पाहायचा, लेडीजवाल्यावर 590 आणि माउंटनवाल्यावर 559, हा रिंगचा मिलीमीटरमधला व्यास. 27.5 वाल्यावर 584 आणि 29 वर 622. तुमी म्हणाले की 29 डोंगरात मस्त पळते पण तुह्या गावात त्याचं टायर भेटन का, ट्यूब भेटन का, अन् भर उन्हाळ्यात पंचर झाली तर कोणाच्या तोंडाकडं पाहशीन. 26 घे, कुठंही भेटते. आणि व्हॉल्व मोटारसायकलवाला पाहून घे, म्हणजे कोणत्याही पंचरवाल्याकडं हवा भरता येते. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 वर जाते, तेव्हा ट्यूबसाठी तालुक्याला पायी जाणं म्हणजे काय हे इथल्या माणसालाच कळते.

ब्रेकचं पण तसंच. मला वाटायचं ऑइलवाले डिस्क सगळ्यात भारी. तुमी म्हणाले भारी आहेतच, पण त्यातली हवा काढायला इथं कोणी बसलं नाही, वायरवाले डिस्क घे, वायर तुटली तर दहा मिनिटांत दुसरी टाकून देतो. रिंगवर घासणारा ब्रेक आपल्या काळ्या मातीत कामाचा नाही हे मला पहिल्याच पावसाळ्यात दिसलं, दुसऱ्या डाकवाल्याची सायकल शेताच्या बांधावर उभी, ब्रेकच्या जागी मातीचे गोळे आणि चाक फिरायलाच तयार नाही. आणि डिस्क घेताना मागचं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा भाग, फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यात आहे की वर बाहेर आहे ते पाहायला तुमीच सांगितलं, बाहेर असलं की साध्या कॅरियरची पट्टी त्याला अडते. हे मला कोण सांगणार होतं?

मग मापाची पाळी आली. मी सव्वापाच फुटाला थोडी कमी. तुमी मला दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टेकून उभं केलं, मधे दोन इंच जागा राहायला पायजे म्हणाले, आणि तुमच्याकडं होत्या त्या सगळ्या मला मोठ्या निघाल्या. इथं कोणताही दुकानदार सीट खाली करून विकून टाकते काकाजी. तुमी म्हणाले, "माह्याकडं तुह्या मापाची नाही, अमरावतीले जा, पंधरा-सोळा इंची फ्रेम माग." वर कागदावर सगळं लिहून दिलं. हातचं गिऱ्हाईक सोडलं तुमी. घरी बाबांना सांगितलं तर त्यांना पटेच ना.

आणि दुसरीकडून आणलेली सायकल घेऊन आली तेव्हा तोंड वाकडं न करता पुन्हा सगळी खोलली. नवी सायकल म्हणजे तयार सायकल नाही, चाकाच्या तारा कमी-जास्त ताणलेल्या असतात, हबमधले कोन, म्हणजे चाकाच्या मधातले छर्रे धरणारे नट, आवळून टाकलेले असतात, महिनाभरात वायरी ढिल्या पडतात, म्हणून तुमी पहिल्या महिन्यानंतर परत बोलावलं आणि त्याचे पैसे घेतले नाही. बाभळीच्या काट्यांसाठी जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि ट्यूबच्या मधात टाकून दिली. त्यानं वजन थोडं वाढते, पण सराटे तर सोडाच, बाभळीचा काटा पण आता क्वचितच आतपर्यंत जाते.

हवेचं पण लिहिते कारण यात लोक चुकतात. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असते. डांबरी जास्त असली तर वरच्या आकड्याकडं ठेवायची, पांदणीत गोट्यांवर चालवायची असली तर थोडी कमी, पण खालच्या आकड्याच्या खाली नाही, नाहीतर रिंग आणि गोट्याच्या मधात ट्यूब चेपून दोन भोकं पडतात. आणि काळी माती ओली असली तर त्यात सायकल घालायचीच नाही, अर्धा किलोमीटर जास्त झाला तरी कालव्याच्या पाळीनं जायचं. हे मी अजूनही पाळते.

घाट चढली मी काकाजी! चिखलदऱ्याची उंची 1118 मीटर, पायथ्यापासून चढ संपता संपत नाही. पुढं सगळ्यात लहान दातेरी चाक, मागं सगळ्यात मोठं, आणि तुमी सांगितलं तसं चढ लागायच्या आधीच गिअर टाकून घेतला, कारण जोर लावून राहिलं असताना गिअर बदलला की चेन कराकरा वाजते. मोथ्याला खवा खाल्ला, थोडं बसली, परत निघाली. उतरताना ब्रेक धरून नाही ठेवला, थोडा दाबायचा थोडा सोडायचा, डिस्क तापत नाही. जंगलाच्या आत व्याघ्र प्रकल्पात सायकल नेत नाही, तो वाघाचा भाग आहे, आपली डांबरी आणि गावाकडच्या वाटा पुष्कळ आहेत.

निराधारवाली एक आजी आहे, पांदणीच्या शेवटच्या घरातली. आधी पावसात तिच्याकडं पोचायला मला संध्याकाळ व्हायची आणि ती दारात बसून राहायची. आता दुपारच्या आत तिच्या हातात पैसे असतात. यात तुमचा वाटा आहे काकाजी, मोठा वाटा आहे. तुमच्या एका तासाच्या बोलण्यानं माझं रोजचं काम बदललं, त्यासाठी मनापासून आभार मानते.

चेन मी फूटपट्टीनं मोजली. बारा जोड्या बरोबर बारा इंच भरायला पायजेत आणि 1/16 इंच वाढलं की बदलायची, असं तुमीच दाखवलं होतं, माझी आता त्याच्या जवळ येऊन राहिली. येत्या बाजाराला घेऊन येते. सोबत शेजारच्या शाखेतला एक डाक सेवक पण येईन, उंच आहे तो, सहा फुटाच्या जवळ, बजेट माझ्यापेक्षाही कमी आहे. त्याला पण दांड्यावर उभं करून पाहा, आणि मापाची नसली तर त्याला पण सरळ नाही म्हणा.

तुमची,
डाकवाली पोरगी