तीन स्क्रीनचे आश्वासन देणाऱ्या डॉकिंग स्टेशनबद्दल तक्रार

पुणे
दि. १८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या संकेतस्थळावरून घेतलेले डॉकिंग स्टेशन खोक्यावर छापल्याप्रमाणे चालत नसल्याबाबत व पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी ऑगस्टमध्ये रु. ९,४९० भरून एक यूएसबी-सी डॉकिंग स्टेशन (लॅपटॉपला एकाच केबलने मॉनिटर वगैरे जोडून देणारा डबा, थोडक्यात डॉक) घेतले. खोक्याच्या दर्शनी बाजूवर ठळक अक्षरांत तीन दावे आहेत: लॅपटॉप धरून तीन स्क्रीन, दोन्ही एचडीएमआयवर (मॉनिटर जोडायच्या पोर्टवर) फोर-के ६० हर्ट्झ, म्हणजे बारीक ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होणारे, आणि विंडोज व मॅक दोन्हींवर चालते. माझ्या घरी विंडोज लॅपटॉप आहे आणि मुलीचे मॅकबुकही आहे, त्यामुळे तिन्ही दावे तपासून झाले. विंडोजवर तीन स्क्रीन लागतात, पण फोर-के मिळत नाही. मॅकवर तीन स्क्रीनसुद्धा लागत नाहीत. तुमच्या ग्राहक सेवेच्या मते हा दोष आळीपाळीने माझ्या केबलचा, माझ्या मॉनिटरचा, माझ्या लॅपटॉपचा आणि शेवटी आमच्या सोसायटीच्या विजेच्या दाबाचा आहे. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

मी घरून डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावायचे, काम करते आणि सध्या दिवाळी अंकांचे दिवस आहेत. एका मॉनिटरवर लेखकाची मूळ प्रत असते. ती कधी वर्डमध्ये टाइप केलेली, तर कधी हस्तलिखिताचे मोबाइलवर तिरके काढलेले फोटो. दुसऱ्या मॉनिटरवर इनडिझाइनमधले पान, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर संपादकांचे मेल व करेक्शनची पीडीएफ. कोणाला हा थाट वाटेल. पण एकाच स्क्रीनवर खिडक्या पुढेमागे करत करेक्शन लावली की एखादी राहतेच, आणि अंक छापून आला की ती नेमकी कवीलाच पहिल्यांदा दिसते. त्यासाठी मी २७ इंची दोन फोर-के मॉनिटर घेतले, आणि एकाच केबलने सगळे जोडता यावे म्हणून तुमचे डॉक.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते. डॉकला एकच मॉनिटर लावला तर फोर-के चित्र दिसते, पण ३० हर्ट्झवर. विंडोजच्या 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेटची यादी उघडली की तिथे २९.९७ आणि ३० एवढेच पर्याय आहेत. ६० हा आकडाच नाही. व्हिडिओ बघणाऱ्याला कदाचित ते चालून जाईल. दिवसभर माउस हातात असणाऱ्याला मात्र बाण हाताच्या मागे मागे येतो आणि पान सरकवताना ओळी उड्या मारतात हे लगेच कळते.

दोन्ही मॉनिटर लावले की हा फोर-केही जातो आणि दोघेही १९२० बाय १०८० वर येऊन थांबतात. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, त्यातून मिळतात जेमतेम २१ लाख, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. रोमन अक्षरांचे काम करणारा यावर नुसती कुरकुर करून गप्प बसेल. देवनागरीत ते भागत नाही. पान १०० टक्क्यांवर ठेवले तर नऊ पॉइंटच्या तळटीपेत ऱ्हस्व आणि दीर्घ उकार सारखेच दिसतात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, आणि 'ष्ट' आहे की 'ष्ठ' हे अंदाजाने ठरवावे लागते. म्हणून पान २०० टक्के मोठे करायचे, म्हणजे डोळ्यांसमोर अर्धेच पान. मग दुसरा मॉनिटर घेतला कशाला?

मॅकबुकची कथा निराळी आहे. ते २०२० सालचे एम-१ चिपचे मॅकबुक एअर आहे. त्याला थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, असे अॅपलने त्याच्या तपशिलात स्वतःच लिहिले आहे. शिवाय तुमचे डॉक ज्या पद्धतीने एका केबलमधून दोन चित्रे काढते ती, म्हणजे एमएसटी, विंडोज ओळखते. मॅकओएस ती वेगवेगळ्या स्क्रीनसाठी वापरू देत नाही. परिणाम असा की डॉकला लावलेल्या दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. यात अॅपलला दोष देण्याचे कारण नाही, कारण हे लपवलेले नाही आणि गेली कित्येक वर्षे असेच आहे. तुमच्यासारख्या डॉक बनवणाऱ्या कंपनीला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही खोक्यावर विंडोजच्या चौकटीशेजारी तेवढ्याच आकाराचे सफरचंद छापले आहे. अशा मॅकवर दोन वेगळ्या स्क्रीन हव्या असतील तर डिस्प्लेलिंक प्रकारचे डॉक लागते. ते सॉफ्टवेअर टाकून चित्र दाबून यूएसबीच्या डेटावरून पाठवते, आणि ते महाग असते. तुमच्या प्रतिनिधीला मी त्याबद्दल विचारले तर त्यांनी मला ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायला सांगितले. मॅकवर, जिथे असे ड्रायव्हर वेगळे अपडेट करायचे नसतातच!

दोष माझ्या सामानात नाही, हे मी कसे सांगते? माझा भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याने डॉक बाजूला काढले. एक मॉनिटर लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआय पोर्टला लावला आणि दुसरा यूएसबी-सी टू डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी जोडणी) केबलने. लॅपटॉप तोच, मॉनिटर तेच, वीजही आमच्याच सोसायटीची. दोन्ही मॉनिटर फोर-के ६० हर्ट्झवर लगेच चालू झाले. त्या स्क्रीनचे फोटो सोबत आहेत, त्यात रिफ्रेश रेटचा आकडा वाचता येतो. त्या केबलला जे पैसे पडले ते तुमच्या डॉकच्या किमतीपुढे किरकोळ आहेत.

कारणही साधे आहे, आणि ते तुमच्याच माहितीपुस्तिकेत आहे. शेवटच्या पानावरच्या तक्त्यात लिहिले आहे की हे डॉक डिस्प्लेपोर्ट १.२ वर चालते. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार लेन असतात. डॉकवर यूएसबी ३ चे पोर्ट द्यायचे तर त्यांतल्या दोन लेन डेटाला जातात आणि चित्राला दोनच उरतात. चौपदरी रस्त्याच्या दोन पदरांवर ट्रकच ट्रक सोडल्यावर गाड्यांना जेवढी जागा राहील तेवढी. आता आकडे बघा. डिस्प्लेपोर्ट १.२ ची एक लेन सेकंदाला ५.४ गिगाबिट नेते, दोन मिळून १०.८. त्यातला पाचवा हिस्सा सांकेतिकरणात (डेटा नीट पोहोचावा म्हणून लागणाऱ्या जादा बिटांत) जातो आणि प्रत्यक्ष चित्रासाठी ८.६४ गिगाबिट राहतात. फोर-के ६० हर्ट्झच्या एका मॉनिटरला सुमारे साडेबारा गिगाबिट लागतात, दोघांना पंचवीस. फोर-के ३० हर्ट्झला साधारण सव्वासहा लागतात, म्हणून एकटा मॉनिटर तिथे अडकतो. १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर साडेतीनच्या आत लागतात, म्हणून दोन लावले की दोघेही तिथे उतरतात. माझ्या टेबलावर जे दिसते ते या गणिताशी तंतोतंत जुळते. म्हणजे मला आलेला नग बिघडलेला नाही. तो जसा बनवला आहे तसाच चालतो आहे. बदलून दिलेला दुसरा नगही तसाच निघाला, यात मग आश्चर्य काय?

त्याच तक्त्यात, त्याच पानावर, तुम्हीच छापले आहे: दोन एचडीएमआय एकत्र वापरल्यास कमाल १९२० बाय १०८०. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. खोका फोडल्यावर, पुस्तिका उघडल्यावर, शेवटच्या पानावर खरे सांगायचे आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर मात्र दुसरेच. खोक्यावरच्या 'फोर-के ६० हर्ट्झ'शेजारी एक तारा आहे खरा. त्याचा खुलासा शोधायला खोका उलटा करावा लागतो. बॅच नंबर आणि कमाल किरकोळ किमतीच्या खाली, पत्त्याच्या शेजारी, करड्यावर करड्या रंगात एक ओळ आहे. प्रुफे तपासायचे भिंग लावून मी ती वाचली: प्रत्यक्ष परिणाम जोडलेल्या उपकरणावर अवलंबून. आयुष्यभर बारीक टाइप लावणाऱ्या बाईला भिंग घ्यावे लागले, तिथे इतरांनी काय वाचावे? आणि ही ओळसुद्धा खरी नाही. अडचण जोडलेल्या उपकरणाची नाही, डॉकची आहे. जगातला कोणताही लॅपटॉप आणून लावला तरी या डॉकमधून दोन फोर-के ६० हर्ट्झवर निघणार नाहीत.

खोक्यावर १०० वॉट चार्जिंगही लिहिले आहे. त्यातले काही वॉट डॉक स्वतःच खाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढे चालते.

ग्राहक सेवेबद्दल मात्र लिहायलाच हवे. पहिल्या फोनवर 'मॅडम, एकदा रिस्टार्ट करून बघा.' पुढच्यावर 'केबल ओरिजिनल आहे का?' केबल तुमच्याच खोक्यातली होती. मग मॉनिटर कंपनीशी बोला. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे खोका फोडताना कोणीतरी शूटिंग करत असायला हवे होते. डॉकला चरा नाही, तुटफूट नाही, माझी तक्रार वाहतुकीतल्या नुकसानीची नाही, हे सांगूनही व्हिडिओचा धोशा सुटला नाही. प्रत्येक वेळी नवा प्रतिनिधी, आणि प्रत्येकाला सगळे पहिल्यापासून सांगायचे. या सगळ्यात परतीची मुदत उलटून गेली. ती उलटल्यावर लगेच मेसेज आला: 'आता रिटर्न विंडो बंद झाली आहे.' त्यापाठोपाठ आणखी एक: 'आपली समस्या सोडवल्याबद्दल आम्हाला आनंद आहे. कृपया पाच तारे द्या.' हे प्रतिनिधी तरुण आहेत, समोर लिहून दिलेले वाचतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांच्या हातात पुस्तिकेचे ते शेवटचे पान कोणीच कसे दिलेले नाही? पहिल्याच फोनवर 'हे डॉक दोन मॉनिटरना फोर-के देत नाही' एवढे एक वाक्य मिळाले असते तर मी त्याच दिवशी ते परत पाठवले असते.

कायद्याचेही थोडे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात मानली आहे, आणि खोक्यावरचा मजकूरही त्या कायद्याच्या व्याख्येत जाहिरातीतच येतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. माझ्या आधीच्या दोन्ही ईमेलना पोच आलेली नाही. यंत्राने पाठवलेले आभाराचे उत्तर मी पोच धरत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. बिलाची पूर्ण रक्कम, म्हणजे रु. ९,४९०, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. कूपन, क्रेडिट किंवा 'दुसरे मॉडेल निवडा' हे मला नको. डॉक नेण्याची व्यवस्था कंपनीने स्वतःच्या खर्चाने करावी. आणि संकेतस्थळावरचे व खोक्यावरचे वर्णन दुरुस्त करावे: दोन मॉनिटर लावल्यास १९२० बाय १०८०, एक लावल्यास फोर-के ३० हर्ट्झ, आणि मॅकवर डॉकच्या दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. हे तीन मुद्दे ठळक टाइपमध्ये, दर्शनी बाजूवर, ताऱ्याशिवाय. मजकूर बसवायला अडचण असेल तर लेआउट मी करून देईन, त्याचे बिल वेगळे लावेन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा झाली नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यायची मला गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. वाया गेलेल्या कामाच्या तासांची भरपाई या पत्रात मी मागितलेली नाही. आयोगाकडे जावे लागले तर ती आणि मानसिक त्रासाची भरपाई दोन्ही मागेन.

डॉक, केबल, अॅडॅप्टर आणि पुस्तिका मूळ खोक्यात भरून ठेवले आहेत. न्यायला येणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करावा आणि घेतल्याची पावती द्यावी. पावतीशिवाय मी खोका देणार नाही.

आपली,
(सही)
पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक बिलावर आहेत.

सोबत: बिलाची प्रत, खोक्याच्या सर्व बाजूंचे फोटो, तळाचा फोटो मोठा करून, माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानाची प्रत, डॉकसह आणि डॉकशिवाय दोन्ही स्क्रीनचे फोटो, व्हॉट्सअॅपवरील संभाषण.