चिंगीच्या डॉक्टरांना मनापासून

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे असं घरात सगळ्यांनी ठरवलं, कारण तुम्ही आमच्या गिनीपिगसाठी, चिंगीसाठी जे केलंत ते किनारपट्टीवर गिनीपिग पाळणाऱ्या इतरांनाही कळायला हवं. आपल्याकडे हे जनावर आता बऱ्याच घरांत आलंय, पण त्याचं दुखणंखुपणं बघणारा डॉक्टर शोधायला लोक थेट पुणे-मुंबई गाठतात.

तुम्ही आयुष्यभर गायी-म्हशी, शेळ्या बघितल्यात. पावसातल्या कोवळ्या चाऱ्याने फुगलेली किती गुरं तुमच्या हातून उठली असतील! चिंगीचं पोट टम्म झालेलं, पाठीला पोक काढून ती कोपऱ्यात बसलेली आणि दात करकर वाजवत होती. तुम्ही दोन बोटांनी तिच्या पोटावर टिचकी मारलीत, कान लावलात, आणि ढोलकीसारखा पोकळ आवाज आम्हालाही ऐकवलात. मग म्हणालात, "पोटफुगी मला कळते, पण गाय वेगळी आणि ही वेगळी." तिथल्या तिथे पुण्यात लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना फोन लावलात. स्वतःच्या अभ्यासाची हद्द ओळखून लगेच दुसऱ्याला विचारणारा डॉक्टर मी फार कमी वेळा पाहिलाय.

तुम्ही समजावलंत तेव्हा लेकीने वहीत सगळं उतरवून घेतलं. गायीचा चारा पुढच्या कोठ्यात, रवंथाच्या पोटात आंबतो. गिनीपिगचा आंबतो तो मागे, आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत. तिला उलटी करता येत नाही, त्यामुळे साठलेला वायू वर यायची वाटच नसते. आतडं चालतं राहायला पोटात सतत गवत जावं लागतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतले चांगले जंतू बिघडतात, वायू वाढतो, वायूने दुखतं आणि दुखतं म्हणून ती आणखी खात नाही. हे चक्र काही तासांत जिवावर बेततं, म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

शेजारच्या काकूंनी हिंगाचं पाणी सुचवलं होतं, तेही प्रेमानेच. एका औषधाच्या दुकानात तर माणसांचं अमॉक्सिसिलिन पुढे केलं. तुम्ही ते नाव ऐकताच हात वर केलात. तोंडावाटे दिलेलं असं पेनिसिलिनच्या जातीचं औषध गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं, विषारी जंतू माजतात आणि जनावर दगावू शकतं. ससा किंवा गिनीपिग पाळणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट तरी पाठ करावी.

सिरिंजने भरवायची आमची घाई होती. तुम्ही थांबवलंत: "आधी एक्स-रे. जठराला पीळ बसला असेल तर भरवणं आणि चोळणं दोन्ही घातक." त्याच संध्याकाळी रत्नागिरीला एक्स-रे झाला. पीळ नव्हता, वायूच होता. मग वेदनाशामक, कातडीखाली सलाईन, आतडं हलवायचं औषध, आणि नंतरच गवताच्या भुकटीची पातळ पेज, थोडी थोडी. बाळांना देतात ते सिमेथिकॉनही दिलंत, पण त्याने फार तर बुडबुडे फुटतात, आतडं चालू होत नाही, हेही बजावलंत. दुसऱ्या दिवशी तिने लेंड्या टाकल्या तेव्हा आमच्या घरात सण होता.

खरे आभार यापुढच्यासाठी आहेत. पोट उतरलं, आम्ही हुश्श केलं, पण तुमचं समाधान होईना. तुम्ही पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिलात, "पोट थांबलं ते का?" दाढा तपासल्यात, कारण गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात आणि दाढेचं टोक टोचलं की खाणं सुटतं. दाढा ठीक होत्या. गवताला बुरशी नव्हती. रोज ढोबळी मिरची मिळत होती, म्हणजे क जीवनसत्त्वाचीही बाजू बरी होती. माणसाप्रमाणेच यांचंही शरीर ते बनवत नाही.

मग तुम्ही घड्याळ समोर ठेवून तिचा श्वास मोजलात. फुगलेलं पोट छाती-पोटामधल्या पडद्यावर दाब देतं, म्हणून पोट फुगलेलं असताना धाप लागणारच. पण पोट उतरल्यावरही धाप होती. गिनीपिगचं हृदय एरवीच मिनिटाला 230 ते 380 ठोके टाकतं, त्यात वेगळा आवाज ओळखणं किती कठीण! लहान मुलांचा स्टेथोस्कोप मागवून तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात. आधीच्याच एक्स-रेवर पुन्हा नजर टाकलीत आणि हृदयाची सावली मोठी दिसते म्हणालात.

आंबा घाटातून पुण्याला नेताना मी पिंजऱ्यावर ओला पंचा टाकला होता, तुमच्या सांगण्यावरून. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात धडधाकट गिनीपिगही तापून जातो, हृदयाच्या रुग्णाला तर आणखीच जपायला हवं. पुण्याच्या सोनोग्राफीत हृदयाचे स्नायू अशक्त झाल्याचं निघालं. रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी, म्हणून थकवा, म्हणून खाणं कमी, आणि खाणं कमी म्हणून पोटात वायू. तुम्ही ज्याला सतत "का?" विचारत होतात, त्याचं उत्तर हे होतं.

आता पाणी कमी करणारी गोळी आणि हृदयाला बळ देणारं औषध सुरू आहे, चिमुकल्या मात्रेत. ती पूर्वीसारखी उड्या मारत नाही. पण पहाटे पिशवी वाजली की शीळ घालते आणि कोथिंबिरीची काडी पुढच्या दातांनी ओढून घेते. लेक तिला रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते, आकडा वहीत लिहिते. वजन उतरू लागलं तर तुम्हाला आधी कळवायचं, हे तिने तुमच्याकडूनच शिकलंय.

तुम्ही फी घेतलीत ती नेहमीच्या जनावराचीच. फोनचे, रात्री उशिरापर्यंत थांबण्याचे काही मागितलं नाहीत. हापूस तयार झाला की पेटी पाठवणार आहे, नको म्हणू नका.

पुढच्या तपासणीला वजनाची वही आणि चिंगी, दोघांना घेऊन येते. औषधाची मात्रा बदलायची की नाही ते तेव्हा बघू.

आपली कृतज्ञ,
चिंगीच्या घरची सगळी मंडळी