एसेनहून आई-बाबांना

एसेन, जर्मनी

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, ज्वारीचं पीठसुद्धा मिळालं. आवाज बसला होता तो थंडीने. आता बरा आहे.

बाबा, रंगीत कागद कापायला एवढ्या लांब कशाला, असं तुम्ही विचारलंत. परवा शेजारच्या बोट्रॉपला जाऊन आले. एकेकाळचं कोळसा खाणींचं गाव. चित्रकार योझेफ आल्बर्स तिथला, जन्म १८८८चा. वडील घरं रंगवायचे, हा आधी प्राथमिक शाळेत मास्तर. पुढे बाउहाउस या कलाशाळेत शिकवलं. १९३३ मध्ये नाझींमुळे ती शाळा बंद पडली, तेव्हा जेमतेम इंग्रजीवर अमेरिकेत शिकवायला गेला. १९५० पासून अखेरपर्यंत चौकोनात चौकोन रंगवत राहिला, आतून बाहेर. दार मधून रंगवायला घ्यायचं, हे वडिलांनी शिकवलेलं.

वर्गात तो रंगाऐवजी रंगीत कागद द्यायचा. जवळच्या छटांचे, अगदी सारख्या गडदपणाचे दोन कागद शेजारी ठेवले की मधली कड दिसेनाशी होते. अशी जोडी शोधायला दिवस जातो, पण डोळा तयार होतो, बाबा. मला पुढे हेच शिकवायचंय. तुम्ही काळजी करू नका, यात माझं आयुष्य वाया जात नाहीये.

आई, इथे भंगारवाला नाही. काचेच्या बाटल्या आपणच चौकातल्या पेट्यांत नेऊन टाकायच्या: पांढरी, म्हणजे बिनरंगी काच एकीकडे, तपकिरी दुसरीकडे, हिरवी तिसरीकडे. निळी बाटली हिरव्यात, कारण हिरव्या काचेत दुसरा रंग थोडा मिसळला तरी चालतो, पांढरी मात्र लगेच बिघडते. रविवारी टाकायचीच नाही, खळखळाट होतो म्हणून. पुसट हिरवी बाटली असली की शेजारच्या आजी ती उजेडात धरून किती वेळ बघतात! मीही आता तसंच करते.

मुलांना रंग शिकवायचं काम मिळालंय, तेव्हा पुढच्या महिन्यापासून कर्जाचा हप्ता मी भरेन. बाबा, एफडी मोडू नका. दादाच्या साखरपुड्याला मात्र येणं जमत नाही. परीक्षा त्याच आठवड्यात आहे. आहेर पाठवते. वहिनीची साडी आईनेच निवडावी, माझ्या नावाने.

कोल्हापूरच्या मंडळींना सध्या नाही म्हणून कळवा. मुलगा चांगला आहे, मी बोलले त्याच्याशी. पण शिक्षण संपल्यावर निदान वर्षभर मला इथे काम करायचंय, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. मावशी रागावेल, तिला मीच फोन करते, तुम्ही ऐकून घेऊ नका.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढा. पैसे खात्यावर टाकलेत.

तुमची,
मनू